उघड्यावरचे घोडे, केसकातरणी आणि झूल

महोदय,

थंडीची चाहूल लागताच उघड्यावर राहणाऱ्या घोड्यांवर झुली चढतात आणि पुष्कळदा त्याच सुमारास त्यांचे केसही कातरले जातात. हे दोन्ही निर्णय घोड्याची गरज पाहून न घेता माणसाला वाजणाऱ्या थंडीवरून घेतले जातात, हे खटकते म्हणून हे पत्र लिहीत आहे.

घोड्याच्या हिवाळी केसांची वाढ मुख्यतः दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. दिवस लहान होऊ लागले की, कडाक्याची थंडी पडण्याच्या कितीतरी आधी, शरीर तयारीला लागते. गारठ्यात हे केस उभे राहतात, त्यांच्यात हवा अडकते आणि तो थर अंगातली ऊब धरून ठेवतो. दाट हिवाळी केस आलेला, धडधाकट आणि पोटभर वैरण मिळणारा घोडा कोरड्या, शांत हवेत साधारण उणे 15 अंश सेल्सिअसपर्यंत जादा शक्ती न खर्चता राहू शकतो. आखूड उन्हाळी केसांच्या घोड्यासाठी ही मर्यादा 5 अंशांच्या आसपास मानली जाते. पहिल्या प्रकारच्या घोड्यावर पातळ झूल टाकली, तर तिच्या दाबाने उभे केस चपटे होतात, आणि गेलेली ऊब ती झूल भरून काढेलच असे नाही.

मात्र पाऊस आणि वारा एकत्र आले की हे सारे गणित बदलते, कारण भिजलेले केस अंगाला चिकटतात आणि त्यांच्यातली हवा नाहीशी होते. नॉर्वेतील संशोधकांनी 23 घोड्यांना खुणांच्या फलकांना नाक लावून झूल हवी, नको किंवा आहे तसेच राहू दे, हे सांगायला शिकवले होते. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात घोड्यांनी ओल्या, थंड, वाऱ्याच्या दिवशी झूल मागितली आणि चांगल्या हवेत ती नाकारली. आपण इतके जरी पाळले तरी पुष्कळ झाले.

केस कातरण्याला माझा सरसकट विरोध नाही. नियमित कष्टाचे काम करणारा घोडा दाट केसांत घामाने निथळतो, तासन्‌तास वाळत नाही आणि त्या ओलीनेच गारठतो. अंतःस्रावाच्या विकारामुळे ज्यांचे केस वेळेवर गळत नाहीत अशा म्हाताऱ्या घोड्यांनाही कातरणीने आराम मिळतो. पण आठवड्यातून एखाद-दोन वेळा हलकी रपेट करणाऱ्या घोड्याचे अंग पूर्ण भादरण्याचे काय कारण? मानेचा खालचा भाग, छाती आणि पोट, म्हणजे जिथे घाम जास्त येतो तेवढेच कातरले तरी भागते. पायांचे आणि खोगिराखालचे केस शक्यतो राखावेत. तोंडावरच्या स्पर्शज्ञानाच्या मिशा तर कधीच कापू नयेत. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने जुलै 2021 पासून त्या कापलेल्या घोड्यांना स्पर्धेत मनाई केली आहे.

केस एकदा कातरले की ते काम झुलीने करावे लागते, आणि घोड्याला झूल स्वतःहून उतरवता येत नाही. रात्रीच्या गारठ्यासाठी घातलेली जाड झूल दुपारच्या उन्हात त्याला उकडवते. म्हणून ती दररोज काढून आतून हात फिरवलाच पाहिजे: खांद्यांवर, छातीवर आणि मानेच्या बुडाशी घासल्याच्या खुणा आहेत का, कातडी ओली आहे का, बरगड्या हाताला किती लागतात. वरून गुटगुटीत दिसणारा घोडा आतून खंगत चालला आहे हे अनेकदा झुलीमुळे उशिरा कळते. उलट, लठ्ठ घोड्याला झुलीत लपेटले की हिवाळ्यात आपोआप झडणारी चरबी तशीच राहते आणि खुरांच्या दाहाचा धोका वाढतो.

ऊब देण्याचा सर्वांत साधा उपाय वैरण हाच आहे. गवतातील तंतू मोठ्या आतड्यात आंबतात तेव्हा उष्णता निर्माण होते. म्हणून थंडी वाढली की चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, वाढवण्याआधी सुके गवत वाढवावे. जोडीला वारा अडवणारा आडोसा, डोक्यावर छप्पर आणि उभे राहायला कोरडी जागा असावी.

घोडे सांभाळणाऱ्या संस्थांनी सर्व जनावरांना एकाच दिवशी झुली घालण्याचा शिरस्ता सोडून प्रत्येकाचे वय, काम, केस आणि अंगलट पाहून निर्णय घ्यावा. ज्यांना दररोज सकाळ-संध्याकाळ घोड्यापाशी जाणे जमत नाही, त्यांनी उघड्यावरच्या घोड्याचे केस कातरूच नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक अश्वप्रेमी वाचक