आधी भाकर, मग वचन

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर सीमाभागात काळजीचे दिवस सुरू होतात. 2019 च्या ऑगस्टमधला महापूर खानापूर, चिकोडी, निपाणीकडची घरे अजून विसरलेली नाहीत. त्यात शहापूर-वडगावातल्या मागांना काम नाही, बचत गटाचे आणि मायक्रोफायनान्सचे आठवड्याचे हप्ते, घरातले आजारपण. अशा वेळी ख्रिस्ती कुटुंब आपल्या पाळकांकडे (धर्मगुरूंकडे) आणि मंडळीकडे, म्हणजे आपल्या चर्चकडे पाहते. लंडन मिशन या मिशनरी संस्थेने 1820 मध्ये बेळगावात काम सुरू केले, म्हणजे इथल्या मंडळ्यांना दोनशे वर्षांचा अनुभव आहे. तरीही खचलेल्या माणसाला धीर देताना आपल्याकडे त्याच त्या चुका होतात, म्हणून हे पत्र.

पहिली चूक घाईची. माती देऊन लोक घरी परततात न परततात तोच कोणीतरी बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातले 28 वे वचन ऐकवतो, की देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळे मिळून कल्याणाचेच होते. वचन खरे आहे, पण वेळ चुकते. त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौलाने क्रम सांगितला आहे: संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. आशा शेवटी येते. ती पहिल्याच दिवशी मागितली, तर दुःखी माणूस खोटे हसायला शिकतो आणि पुढे उपासनेलाच येईनासा होतो. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे येशूला ठाऊक होते, तरी तो आधी रडला.

म्हणून सुरुवात विलापाच्या स्तोत्रांनी करावी. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे तृतीयांश विलापाचीच आहेत. तेरावे स्तोत्र अवघ्या सहा वचनांचे, मोठ्याने वाचायला मिनिटभर लागते, आणि पहिल्या दोन वचनांतच चार वेळा ‘कोठवर?’ असा प्रश्न येतो. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. वाचून झाल्यावर स्पष्टीकरण देऊ नये. प्रार्थनेत माणसाचे नाव आणि नेमकी अडचण घ्यावी: हप्ता, ऑपरेशन, मुलीची फी. इथे कुणी कोंकणीत रडतो, कुणी कन्नडमध्ये, कुणी मराठीत. ज्याचे दुःख त्याच्याच भाषेत प्रार्थना व्हावी. भेटीला दोघेच जावेत, त्यात एक बाई असावी, आणि अर्ध्या तासात उठावे. आठ-दहा जण गेले की घरच्यांना चहाच करत बसावे लागते.

राजांच्या पहिल्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय प्रत्येक मंडळीने वर्षातून एकदा नीट वाचावा. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दुसऱ्यांदाही तेच. देवाशी त्याचे बोलणे पुढे, होरेब डोंगरावर होते आणि त्यानंतर त्याला काम मिळते: हजाएल, येहू आणि अलीशा यांना अभिषेक करायचे. आधी अन्न, मग झोप, मग बोलणे, मग काम. या क्रमात मंडळीची पूर्ण योजना आहे.

अन्नाचे सांगायचे तर पहिले चार दिवस घरात डबे उतू जातात आणि तिसऱ्या आठवड्यात चूल थंड असते. चौघांच्या घराला आठवड्याला पाच किलो तांदूळ, तीन-चार किलो पीठ, किलोभर डाळ, तेल आणि भाजीपुरते पैसे, असा शिधा निदान तीन महिने तरी पोहोचावा. कोणाची पाळी कधी हे वहीत लिहून ठेवावे. वही नसली की प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याने दिले असेल. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय, यात विधवांच्या रोजच्या वाटणीत कुचराई झाली तेव्हा यरुशलेमच्या मंडळीने त्यासाठी सात माणसे नेमली होती. कागदपत्रांची मदतही सेवाच आहे. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करावी लागते. विधवा वेतनाचा अर्ज नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात जातो आणि बहुतेक कागद कन्नडमध्ये असतात, म्हणून कन्नड वाचणारा एकजण बरोबर हवाच.

दुसरी चूक याहून घातक आहे. ‘तुझा विश्वास कमी पडला’ असे म्हणणे, आणि प्रार्थना झाली म्हणून गोळ्या बंद करायला लावणे. दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, ‘मी सगळ्यांना ओझे झालो’ असे बोलणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, ही लक्षणे दिसली तर स्पष्ट विचारावे: जीव द्यायचा विचार मनात येतो का? विचारल्याने तो विचार बळावत नाही, उलट माणूस बोलता होतो. फवारणीच्या औषधाची बाटली त्याच दिवशी घरातून दुसरीकडे हलवावी. आवेगाचे ते काही तास टळले तर जीव वाचू शकतो. माणसाला एकटे सोडू नये. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो; धारवाडला डिम्हान्स हे मानसिक आरोग्याचे सरकारी रुग्णालय आहे. डॉक्टरकडे नेणे म्हणजे अविश्वास नव्हे.

आता दुःखानंतर जगण्याला मिळणाऱ्या उद्देशाविषयी. पंडिता रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण दुष्काळात उपासमारीने गेली, पुढे भाऊ गेला, 1882 मध्ये पती गेले. ख्रिस्तावर विश्वास ठेवल्यावर हे घाव पुसले गेले असे झाले नाही. पण 1896 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. जिथे घाव होता तिथूनच काम निघाले. देव आपले सांत्वन करतो ते दुसऱ्यांचे सांत्वन आपल्याला करता यावे म्हणून, असे पौल करिंथकरांना लिहितो, त्याचा अर्थ इथे दिसतो.

मात्र हे लगेच होत नाही. नव्या विधवेला महिन्याभरात व्यासपीठावर साक्ष द्यायला उभे करणे हा अत्याचार आहे. दीड-दोन महिन्यांनी, तिची तयारी असेल तर, लहान आणि ठरलेले काम द्यावे: उपासनेआधी खिडक्या उघडणे, गीतांचे क्रमांक फळ्यावर लिहिणे, रविवार शाळेतल्या मुलांची हजेरी. काम असे हवे की ते राहिले तर कुणाच्या तरी लक्षात येईल. वर्षभर तिला कुणी विचारावे, विशेषतः पहिल्या नाताळाला, पहिल्या ईस्टरला आणि मृत्यूच्या तारखेला. या तारखा पाळकांच्या डायरीत आधीच लिहिलेल्या असाव्यात.

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मंडळ्यांनी जूनच्या आत शिध्याची वही, भेटीच्या जोड्या आणि कन्नड वाचणाऱ्यांची यादी तयार करावी. आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे: आत्महत्येच्या प्रत्येक बातमीखाली 14416 हा क्रमांक ठळक छापावा आणि बातमीत आत्महत्येची पद्धत देऊ नये.

आपला विश्वासू,
एक ख्रिस्ती वाचक, कॅम्प, बेळगाव