छत्री वळवून देणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हीच म्हणाला होता, "काकू, कुणाला सांगू नका, शेठला कळलं तर उद्यापासून मी घरी." म्हणून दुकानाचंही नाव नाही. कोपरखैरण्यात टीव्ही-डिशची दुकानं काही थोडी नाहीत, शोधणाऱ्याला सापडायचं नाही. तुम्हाला मात्र एवढ्यावरून कळेल, तेवढं पुरे.

गच्चीतल्या डिशच्या छत्रीच्या पाइपावर तुम्ही मार्करने ओढलेली रेघ अजून जशीच्या तशी आहे. एक रेघ पाइपावर, एक छत्रीच्या पकडीवर. दोन्ही एका ओळीत असल्या म्हणजे छत्री हललेली नाही, असं तुम्ही सांगितलं होतं. कपडे वाळत घालायला गेले की आधी तिकडे नजर जाते. सवयच लागली आहे.

एप्रिलमध्ये आम्ही डिशचं रिचार्ज बंद केलं ते भांडून वगैरे नाही. महिन्याला साडेतीनशेच्या वर जात होते आणि माझी एक मालिका सोडली तर टीव्हीसमोर बसणारं माणूस घरात एकच, आमच्या सासूबाई. मुलगा फोनवर बघतो, ह्यांची शिफ्ट. आई बघणार काय, तर सह्याद्री. संध्याकाळी सातच्या बातम्या आणि मधे कुठे अभंग-कीर्तन लागलं तर ते. २०१९ च्या फेब्रुवारीत नवे नियम आले तेव्हा शंभर चॅनलपर्यंत नुसत्या जोडणीचे १३० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, असा हिशेब होता. पैशाची चॅनलं त्यावर वेगळी. पुढे आकडे बदलत गेले, आम्ही भरत गेलो. सरकार जे चॅनल फुकट दाखवतं ते बघायला आपण दर महिन्याला पैसे मोजतोय, हे तुमच्या दुकानात उभी राहीपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मुलाने आजीला फोनवर बातम्या लावून दिल्या. दोन दिवस बघितल्या त्यांनी. तिसऱ्या दिवशी फोन उशीवर ठेवून म्हणाल्या, "बातम्या काय हातात धरून बघायच्या असत्यात व्हय?"

तोवर भंगारवाला छत्रीचे साठ रुपये देऊन गेला असता. मीच म्हटलं, पुढच्या फेरीला ये.

तुमच्या दुकानात मी नवा संच घ्यायलाच आले होते. छत्री, बॉक्स, वायर, बसवणूक, सगळं मिळून दोन हजारांच्या आतबाहेर. शेठ फोनवर होते. तुम्ही खोक्यावरची धूळ पुसता पुसता हळूच विचारलंत, "काकू, घरी जुनी छत्री आहे? गंजलीय का? वाकलीय?" नाही म्हटल्यावर म्हणालात, "मग नुसता बॉक्स न्या. छत्री रविवारी मी वळवून देतो." दुकानात काम करणाऱ्या माणसाने गिऱ्हाइकाला 'घेऊ नका' म्हणावं, हे मी पन्नाशीला आले तरी पहिल्यांदाच ऐकलं. खरं सांगते, तेव्हा मला संशयच आला. मुलगा तर घरी म्हणाला, फुकट आहे म्हणजे चोरीचं असणार. त्याला तुम्ही रविवारी गच्चीत शांतपणे सांगितलंत, की ही प्रसारभारतीची सेवा आहे, डिसेंबर २००४ पासून चालू आहे, आधी नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं, आता डीडी फ्री डिश. महिन्याचं भाडं नाही, कुणाला फोन करून चालू करून घ्यायचं नाही. बॉक्स एकदाच विकत घ्यायचा.

आणि त्याच्याही आधी तुम्ही जुनं बिल मागितलंत, ते मला फार आवडलं. बॉक्स कंपनीचा, तो परत गेला होता. छत्री आमच्या पैशाची आहे हे बिलावर वाचल्यावरच तुम्ही पाना बाहेर काढलात.

मला वाटायचं, डिश म्हणजे डिश, आकाशाकडे तोंड केलं की झालं. तुम्ही सांगितलंत की ज्याचा त्याचा उपग्रह वेगळा, आणि छत्रीला एकाच जागी टक लावून बघावं लागतं. फ्री डिशचा जीसॅट-१५. नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातून सोडलेला. विषुववृत्तावर ३६ हजार किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्वेला. आपण ७३ वर. म्हणजे आपल्याला तो पूर्वेकडे झुकलेला दिसणार. आमची छत्री आधी जिकडे बघत होती तिथून ती आणखी थोडी पूर्वेला वळवायची आणि जराशी खाली आणायची, बस्स.

लोखंडी पाइपाजवळ फोनमधला कंपास खोटं बोलतो म्हणून तुम्ही चार पावलं लांब जाऊन १३१ अंश धरलेत आणि त्या रेषेत पुढच्या गल्लीतली एक काळी टाकी हेरून ठेवलीत. मग फोन खिशात, नजर टाकीवर. १३१ म्हणजे जवळजवळ आग्नेय. आई जिन्यातून ओरडल्या, "आग्नेयला चूल असती, तिथं टीव्ही कसला!" तुम्ही हसलात आणि म्हणालात, "आजी, चूलच आहे ती, वरून ऊन येतंय नुसतं."

मला पारसिकच्या डोंगराची काळजी होती, त्या अंगाला तोच आडवा. तुम्ही हात वर करून दाखवलंत की सिग्नल ५७ अंशांवरून येतो, जवळजवळ दुपारच्या उन्हासारखा, डोंगर त्याच्या खालीच राहतो. मग छत्री तर शेजारच्यांच्या खिडकीत बघतेय असं का दिसतं, हे मी विचारलं. ही छत्री म्हणजे मोठ्या वाटीचा एका बाजूचा काप असतो, म्हणून एलएनबी, म्हणजे छत्रीपुढच्या दांडीवरचा सिग्नल पकडणारा डबा, मधोमध न बसता खालच्या अंगाला असतो, आणि छत्री दिसते त्यापेक्षा वीसपंचवीस अंश वर बघत असते. हे माझ्या अजून लक्षात आहे. शेजारच्या काकू मध्यंतरी सहज म्हणाल्या, तुमची डिश आमच्याकडे टक लावून बसलीय, तेव्हा मी हे सगळं त्यांना ऐकवलं. त्या काही बोलल्या नाहीत.

तर त्या रविवारी. तुम्ही एलएनबीही त्याच्या पकडीत जवळजवळ ४५ अंश तिरका फिरवलात, बॉक्समध्ये सिग्नलची फ्रिक्वेन्सी ११०९० टाकलीत, पुढे व्ही, पुढे २९५०० अशा त्याच्या बाकीच्या खुणा, आणि छत्री केसाकेसाने सरकवायला लागलात. खाली टीव्हीवर दोन पट्ट्या. स्ट्रेंथ सत्तर. क्वालिटी शून्य. मी जिन्यात उभी राहून ओरडायची, "शून्यच!" तुम्ही वरून, "आता?" "शून्यच!" वायरचं टोक कापून नवा कनेक्टर लावलात. शून्य. दोन तास झाले. मेचं ऊन, गच्चीचा कोबा तापलेला, पायाखाली तुम्ही आमचं पोतं भिजवून घेतलं होतं.

आता जे लिहायला हे पत्र घेतलं ते लिहिते. तेव्हा मी खाली स्वयंपाकघरात ह्यांना म्हणाले होते, चांगल्या मोठ्या आवाजात, की फुकटातलं काम हे असंच, दोन हजार टाकले असते तर आज टीव्ही लागला असता. जिन्याचं दार उघडं होतं. पाचच मिनिटांत तुम्ही खाली येऊन पाणी मागितलंत. तुम्ही ऐकलंत की नाही, हे तुमच्या चेहऱ्यावरून कळलं नाही, आणि मला विचारायचं धाडस झालं नाही. पैसे न घेता, न जेवता गेलात. "बघतो काकू," एवढंच. मला वाटलं, हा माणूस आता काही परत येत नाही.

मंगळवारी रात्री आठला बेल वाजली. तुम्ही दारातच म्हणालात, "काकू, चूक माझी. छत्री बरोबर होती. एलएनबी मी बघायला पाहिजे होता."

दादा, आमच्या घरी आजवर प्लंबर आला, फ्रीजवाला आला, गळतीवाले तर तीन वेळा येऊन गेले. चूक कधी पाइपाची असते, कधी कंपनीची, कधी आमच्या वापरण्याची. हे वाक्य मी दारात उभ्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

आणि नुसतं म्हणून थांबला नाहीत. टेबलावर जुन्या रिचार्जची पावती पडली होती, तिच्या पाठीवर गणित मांडून दाखवलंत. आकाशातून येतं ११०९०. एवढं मोठं वायरमधून उतरत नाही, म्हणून एलएनबी त्यातून एक आकडा वजा करून खाली पाठवतो. आमच्या जुन्या एलएनबीला वजा करायला एकच आकडा येत होता, १०६००. उरले ४९०. आणि बॉक्सचा कान, तुमचाच शब्द, ९५० पासून २१५० पर्यंतच ऐकतो. म्हणजे सिग्नल येत होता, पण बॉक्सला ऐकू न येणाऱ्या आवाजात. स्ट्रेंथचे सत्तर म्हणजे त्या एलएनबीची नुसती घरघर. युनिव्हर्सल एलएनबीला दोन आकडे येतात, ९७५० आणि १०६००. ११०९० मधून ९७५० गेले, राहिले १३४०. "हे ऐकू येतं," म्हणालात आणि १३४० भोवती गोल केलात. ती पावती मी देवघराच्या खणात ठेवली आहे. आधारकार्डाच्या झेरॉक्सबरोबर.

मग मोबाइलच्या उजेडात नवा एलएनबी. मी परत जिन्यात, मुलगा टीव्हीजवळ. "आलं! गेलं! अहो आलं होतं, मागे घ्या!" त्या गोंधळात आई कॉटवरून उठून बसल्या. सासरे माथाडी. बाजार नवी मुंबईत यायच्या आधी मशीद बंदरला होते, तेव्हा चाळीत एका बिऱ्हाडाकडे टीव्ही होता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, त्याच्या पुढच्या चारपाच वर्षांतली ही गोष्ट. कौलांवर अँटेना, कावळा बसला की चित्र जायचं, आणि सासरे वर चढून असेच ओरडायचे, "दिसतंय का?" सगळी चाळ खालून एकदम, "नाही!" हे आम्हाला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. तुम्ही वर पाना फिरवत होता म्हणून तुम्हाला ऐकायला मिळालं नाही, म्हणून इथे लिहिलं.

क्वालिटी बासष्टवर थांबली. सह्याद्री लागलं. सातच्या बातम्या केव्हाच होऊन गेल्या होत्या, शेतीवर काहीतरी चाललं होतं, ते आईंनी शेवटपर्यंत बघितलं.

तुम्ही एलएनबीचे अडीचशे घेतलेत, मजुरी नाही. दोन थालीपिठं मात्र खाल्लीत. आणि निघताना गोड बोलला नाहीत, हेही लिहायला हवं. सांगून ठेवलंत, की तुमची नेहमीची मालिका इथे मिळेलच असं नाही. खासगी चॅनलांच्या जागा लिलावात जातात, आज आहे ते उद्या राहीलच असं धरून चालू नका, चॅनल गेलं तर आधी परत स्कॅन करा, मला फोन नंतर. आणि मोठा पाऊस आला की चित्र फुटेल, कारण ह्या लहरी पाण्याने अडतात. तेव्हा गच्चीत चढू नका, पाऊस ओसरला की आपोआप येतं.

सगळं तसंच झालं. माझी मालिका गेली. वाईट वाटलं, आठवडाभर. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात सातच्या बातम्यांचे चौकोन चौकोन झाले, निवेदिकेचा अर्धा चेहरा वर आणि अर्धा खाली. ह्यांनी रेनकोट चढवला होता, मी हाताला धरून बसवलं. वीस मिनिटांत चित्र परत आलं.

आता एक विचारायचं होतं. आमच्या पुढच्या घरावर गच्चीला पत्र्याची शेड घालतायत, नेमकी काळ्या टाकीच्या अंगाला. घाबरले होते. मग ५७ अंश आठवले आणि मुलाने हिशेब केला: दहा फूट अंतरावरची वस्तू छत्रीपेक्षा पंधरा फूट उंच झाली तरच आडवी येईल. शेड छत्रीपासून बारा फूट अंतरावर आहे आणि छत्रीच्या वर जेमतेम सात. म्हणजे अडचण नाही, बरोबर ना?

तरी एकदा येऊन बघून जा. रविवारी या, जेवायलाच या. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जे बोलले ते तुम्ही ऐकलं असेल तर त्याबद्दल मला समोर बसून माफी मागायची आहे, आणि ऐकलं नसेल तर आता वाचलंतच.

आई विचारतात, तो आकाशाला कान लावणारा पोरगा परत आला नाही का.

तुमच्या,
कोपरखैरण्याच्या काकू