देवाला खालून कोण पाहणार?

प्रिय अरविंद,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर न दिल्याबद्दल तू मला जे काही म्हणाला असशील, ते मी ऐकले असे समज. प्रकृती ठीक आहे, साखर आटोक्यात आहे. आता थेट मुद्द्यावर येतो, कारण हाच मुद्दा मी नंदापुढे मांडायला घेतला तेव्हा ती सगळे ऐकून घेऊन शांतपणे कुकर लावायला निघून गेली.

फ्लॉरेन्सच्या सान्ता मारिया नोव्हेल्ला चर्चमधले चित्रकार मासाच्चोचे ‘ट्रिनिटी’, म्हणजे क्रूसावरचा ख्रिस्त आणि मागे परमपिता असे चित्र, अखेर प्रत्यक्ष पाहिले. मास्तरांनी फळ्यावर खडूने ज्याचा सांगाडा काढून आपल्याला छळले, तेच ते १४२७ च्या सुमाराचे, साडेसहा मीटरहून उंच भित्तिचित्र. त्यातला व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे आत जाणाऱ्या सगळ्या रेषा जिथे एकत्र मिळतात तो बिंदू, क्रूसाच्या पायथ्याखाली, साधारण उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे. त्यामुळे मेरी आणि संत जॉन ज्या जमिनीवर उभे आहेत ती आपल्याला दिसतच नाही, आणि वरचे कमानदार छत मात्र चौकोनी खणाखणांनी आक्रसत आत जाते. या रेषांसाठी ओल्या गिलाव्यात कोरलेल्या खुणा आजही भिंतीवर आहेत. सपाट भिंतीत एक दालन खोदले आहे असे वाटते, हे सोळाव्या शतकातल्या चित्रकार-चरित्रकार वासारीने लिहून ठेवलेच आहे. त्याच वासारीने पुढे चर्चच्या नूतनीकरणात या चित्रासमोर नवी वेदी उभारून ते झाकून टाकले आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत ते तसेच राहिले! आपल्या अण्णांची आठवण झाली. तेही आधी तोंडभरून स्तुती करीत आणि मग चित्र माळ्यावर ठेवीत.

सपाट पृष्ठावर खोली भासवणारे यथादर्शन (पर्स्पेक्टिव्ह) म्हणजे माणसाला एका डोळ्याने एका जागी खिळवून ठेवण्याची युक्ती, हे तुझे जुने पालुपद माझ्या लक्षात आहे. वास्तुशिल्पी ब्रुनेलेस्कीने फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहाच्या चित्राला भोक पाडून, मागच्या बाजूने एका डोळ्याने, समोर धरलेल्या आरशात ते चित्र पाहायला लावले, हा तुझा हुकमी पुरावा. त्यावरून आपण कॅन्टीनमध्ये किती चहा थंड केले! पण मिलानमध्ये लिओनार्दोने ‘अंतिम भोजना’चा व्हॅनिशिंग पॉइंट ख्रिस्ताच्या कानशिलापाशी इतका उंच ठेवला की, त्या भोजनगृहाच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या कोणाचेही डोळे तिथवर पोहोचत नाहीत. तेव्हा कोण कोणाला खिळवून ठेवतो, हे तू नीट ठरवून सांग.

माझी अडचण मात्र वेगळी आहे. मासाच्चोच्या दालनातले छत आपण खालून पाहतो, परंतु त्याच छताखालचा ख्रिस्त आणि त्याच्यामागे उभा असलेला परमपिता हे दोघे खालून पाहिल्यासारखे नाहीत. ते थेट आपल्यासमोर, त्यांच्याच उंचीवरून पाहावे तसे रंगवलेले आहेत. शिवाय परमपित्याचे पाय मागच्या भिंतीलगतच्या कट्ट्यावर आहेत असे वाटते, आणि त्याच्या हातांनी तर बराच पुढे असलेल्या क्रूसाची आडवी फळी धरली आहे. मग तो नेमका कुठे उभा आहे? देव स्थळाच्या नियमात बसत नाही म्हणून चित्रकाराने त्याला मुद्दाम सूट दिली, हे उत्तर पुष्कळांना आवडते आणि मलाही ते मोहात पाडते. पण ते जरा जास्तच सोयीचे आहे. खालून काटेकोर काढला असता तर परमपिता म्हणजे केवळ दाढी आणि नाकपुड्या उरल्या असत्या, आणि प्रार्थनेला आलेल्या माणसाने त्यांच्याकडे पाहून हात कसे जोडले असते? चित्रकार मान्तेन्याने मृत ख्रिस्ताचे चित्र पायांकडून काढले, तेव्हा ‘जवळचे ते मोठे’ या नियमाप्रमाणे ते पाय प्रचंड दिसायला हवे होते. त्याने ते लहान केले आणि चेहरा वाचवला. म्हणजे ज्यांनी हा नियम सर्वांत कडकपणे पाळला, तेच अगदी मोक्याच्या ठिकाणी तो मोडत होते. तू म्हणशील, ‘मग नियम खोटाच!’ मला तसे वाटत नाही. छत इतके अचूक नसते, तर परमपित्याचे अधांतरी असणे कोणाच्या लक्षात तरी आले असते का? जिथे मोजमापच नाही, तिथे अपवाद करताही येत नाही.

तरीही सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी गेलेल्या त्या पोराने, मासाच्चोने, हे जाणूनबुजून केले की हात वळेल तसे होत गेले, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. मागचा कट्टा आणि क्रूसाची फळी यांमधले अंतर छताच्या खणांवरून मोजता येईल, असे मला वाटते. भूमितीत तू माझ्यापेक्षा नेहमीच पुढे होतास, म्हणून ‘ट्रिनिटी’ची मोठी छापील प्रत सोबत पाठवीत आहे. पट्टी घेऊन बस आणि काय निघते ते कळव. तुझे मत नको, आकडे हवेत.

तुझे नवे घर आणि शमाची बदली, दोन्ही समजले, आनंद झाला. प्रदर्शनाची तारीख ठरली की लगेच लिही. वहिनींना नमस्कार. प्रतीवर चहाचा पेला ठेवू नकोस.

तुझा,
सुधाकर