रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र : फाटक उघडे आहे हे गाडीला कळते का?

मा. रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांस,
स. न. वि. वि.

8 जुलै 2025 ला तमिळनाडूत कडलूरजवळच्या सेम्मनकुप्पम फाटकात पॅसेंजरने शाळेची व्हॅन उडवली, तीन मुले गेली. मग आपण जास्त वर्दळीची फाटके इंटरलॉक करण्याचा, म्हणजे सिग्नलला जोडण्याचा, आणि सगळ्या फाटकांवर सीसीटीव्ही बसवण्याचा हुकूम काढलात. आभारी आहोत. आमच्या फाटकावर कॅमेरा आला. इंटरलॉकिंग बहुधा मालगाडीने येत असावे.

साहेब, कॅमेरा गाडी थांबवत नाही. इंटरलॉक फाटकात दोन्ही दांडे पडून कुलूपबंद झाल्याशिवाय गेट सिग्नल हिरवा होत नाही, आणि तो हिरवा असेपर्यंत फाटक उघडत नाही. ट्रकने दांडा मोडला की सिग्नल लाल. लोको पायलट ‘जी’ (गेट) पाटीच्या सिग्नलपाशी दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटे थांबतो, शिट्टी देतो, सावकाश फाटकापाशी येतो आणि गेटमनने झेंडी दाखवली तर पुढे जातो. गेटमन नसेल तर इंजिनातल्या माणसाने उतरून फाटक बंद आहे का ते बघायचे. गाडीला उशीर होतो, एवढेच.

आणि बिनइंटरलॉक फाटकात? स्टेशन मास्तर फोन करतो, गेटमन ‘बंद केले’ म्हणून खुणेचा गुप्त आकडा, म्हणजे प्रायव्हेट नंबर, देतो, तो वहीत चढतो, गाडी सुटते. सगळी भिस्त त्या आकड्यावर. सेम्मनकुप्पमला फाटक उघडेच होते! तिथे बिघाड कळला तो धडकेनेच.

उद्या रुळात उसाची ट्रॉली अडकली, तर त्याच एकट्या गेटमनने लाल झेंडा रोवायचा, 600 मीटरवर एक आणि 1200 मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन फटाके (चाकाखाली फुटून ड्रायव्हरला सावध करणारे) रुळावर लावायचे. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने गाडी आली तर?

इतकी वर्षे इंटरलॉकिंग कुठे करायचे ते टीव्हीयूवर ठरले : दिवसभरातल्या गाड्या गुणिले वाहने, 20 हजार भरले तर पात्र. अपघातानंतर आपण ते 10 हजारांवर आणलेत. त्या हिशेबात मोटार एक युनिट, रिक्षा अर्धे. शाळेची व्हॅन, आत कितीही पोरे असोत, एकच.

2012 मध्ये रेल्वे सुरक्षेवरच्या काकोडकर समितीने पाच वर्षांत सगळी फाटके काढा म्हणून सांगितले होते, खर्च 50 हजार कोटी. पाच वर्षे कधीच सरली. भुयारी मार्ग मागा, तर रेल्वे कलेक्टरकडे बोट दाखवते. सेम्मनकुप्पमलाही तेच झाले. कलेक्टर कचेरीतून फाइल परत रेल्वेकडे. आम्ही मधल्या मध्ये, फाटकासारखेच.

आमच्या गेटमनच्या खोलीच्या भिंतीवर इंटरलॉकिंगची तारीख रंगवून घ्या. पेंटर आम्ही देतो.

आपला,
फाटकात खोळंबलेला एक करदाता