यंत्राला माणूसही मंजूर करा

मा. संपादक,
स. न.

अनेक संस्थांनी शुल्क भरून वापरायच्या सामायिक उपकरण केंद्रातल्या कोट्यवधींच्या नव्या यंत्राची बातमी आणि फीत कापतानाचा फोटो कालच्या अंकात पाहिला. ते चालवणार कोण, त्याचा पगार कुठल्या खात्यातून होणार, हे आपल्या बातमीदाराने विचारायला हवे होते.

मी ठाण्यातल्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. माझ्या पीएच.डी.च्या विद्यार्थिनीने अशाच एका केंद्राकडे एनएमआरसाठी, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात ठेवून रेणूची रचना ओळखण्याच्या तपासणीसाठी, नमुने दिले होते. पावसाळ्यात दिलेल्या नमुन्यांचे स्पेक्ट्रा (तपासणीचे आलेख) दिवाळी उलटली तरी हातात नाहीत! यंत्र ठणठणीत होते. तंत्रज्ञाचा अकरा महिन्यांचा करार संपला, मुदतवाढीची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली आणि अखेर तो महापेच्या एका औषध कंपनीत रुजू झाला. त्याचे काम मी जवळून पाहिले आहे. नमुना चिमूटभर असताना शिमिंग (चुंबकीय क्षेत्र एकसारखे करणे) जमवून आलेखातली एकमेकांत मिसळलेली शिखरे सुटी करायची, हे पुस्तक वाचून येत नाही, वर्षानुवर्षे हात बसावा लागतो. अशा माणसाला अकरा महिन्यांच्या बोलीवर ठेवतात, याचा मला संताप येतो.

बरे, यंत्र बंद ठेवून पैसे वाचतात असेही नाही. नमुने येवोत न येवोत, एनएमआरचा चुंबक द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंशांवर ठेवावाच लागतो. हेलियम आपण परदेशातून आणतो. पातळी फार उतरली की चुंबक क्वेंच होतो, म्हणजे त्याची अतिवाहकता एकदम जाते आणि उरलासुरला हेलियम वायू होऊन उडून जातो. तरी अनुदान मिळते ते खरेदीला; देखभाल करार, वीज, हेलियम, पगार केंद्राने शुल्कातून भागवायचे. शुल्क वाढले की आमच्यासारख्या कॉलेजांचे नमुने थांबतात. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने सत्तरच्या दशकात अशी केंद्रे काढली, ती ज्यांना यंत्र परवडत नाही त्यांच्यासाठीच ना? जुलै २०२२मध्ये सरकारी संशोधन संस्थांच्या उपकरणांवर ५ टक्केच जीएसटी लावण्याची सवलतही काढली, बहुतेक उपकरणांवर थेट १८ टक्के लागला. खरेदीच्या मंजुरीपत्रातच तंत्रज्ञाची कायम जागा आणि दहा वर्षांच्या देखभालीची रक्कम नसेल, तर यंत्र घेऊच नये.

आणखी एक. माझ्या विद्यार्थिनीची फेलोशिप महिनोन्‌महिने थकलेली असते आणि तपासणीच्या बिलावर तिच्याकडून १८ टक्के जीएसटी मात्र आगाऊ घेतात. यावरही आपण बातमी करावी.

– एक प्राध्यापिका, ठाणे
(विद्यार्थिनीला त्रास होऊ नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)