गॉगल घेण्याआधी

मालवण,
७ एप्रिल

प्रिय दिन्या,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला फोटो परवा रात्रीच बघितला. सई पहिल्या पगारातून तुझ्या पन्नाशीला चोवीस हजारांचा गॉगल घेणार म्हणते, आणि तू मला विचारतोस, "एवढे पैसे घालण्यासारखं त्यात काही असतं का रे? तू रोज उन्हात असतोस, तुला कळेल." फोनवर दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. पण हे प्रकरण माझ्या स्वतःच्या डोळ्यांवर बेतलेलं आहे, म्हणून नीट बसून लिहितोय.

आधी एक सांगतो. सईला नाही म्हणू नकोस. पोरीच्या पहिल्या पगाराची वस्तू परत करायची नसते. माझ्या पहिल्या कमाईतून मी आईला कुडाळच्या बाजारातून लुगडं आणलं होतं, तुला आठवत असेल, तू बरोबर होतास. आईने ते इतकं जपलं की ट्रंकेतच राहिलं. ती गेल्यावर घडी उलगडली तर घडीवरच विरलेलं. तेव्हापासून मला वाटतं, देणाऱ्याचं मन राखायचं तर वस्तू रोज वापरावी. तुझ्या गॉगलचा हिशोबही मी तिथूनच करतो.

आता माझ्या डोळ्याचं. दोन वर्षांपूर्वी शिमग्याच्या सुमारास उजवा डोळा सारखा लाल व्हायला लागला. सकाळी होडी काढली की दहाच्या आत चुरचुर सुरू, वाळू गेल्यासारखी. मी आठवडाभर गुलाबपाणी घातलं. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आरसा हातात दिला आणि पापणी वर करून दाखवलं. नाकाकडच्या कोपऱ्यातून एक गुलाबी त्रिकोण निघालेला, बारीक बारीक लाल शिरा असलेला, आणि त्याचं टोक बुबुळाच्या कडेला येऊन टेकलेलं. जसा काही कोणी ओल्या कागदाचा तुकडा पांढऱ्यावर चिकटवलाय. त्याला टेरिजियम म्हणतात. आपल्याकडे म्हणतात, डोळ्यात मांस वाढलं. ऊन, वारा, खारा तुषार यांत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना होतं. वाढत वाढत बाहुलीवर आलं तर नजर अंधुक होते, ऑपरेशन करावं लागतं आणि ऑपरेशननंतरही पुन्हा येऊ शकतं.

घरी येऊन मी आबांचे डोळे बघितले. दोन्ही डोळ्यांत तेच, माझ्यापेक्षा मोठं. चाळीस वर्षं रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढलेला माणूस. मी लहानपणापासून ते डोळे बघत आलो आणि मला वाटायचं म्हातारपणी डोळे असेच होत असणार. रापणीवरचे सगळेच म्हातारे तसे दिसायचे ना! त्या रात्री मला झोप लागली नाही, दिन्या. आमच्या वाडीत होडी, इंजीन, जाळं यावर लाखांनी कर्ज निघतं, पण डोळ्यांकडे कोणी नीट लक्ष दिलेलं मी बघितलं नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं, रुंद काठाची टोपी आणि चांगला गॉगल, दोन्ही, आणि ढग असले तरी. उन्हातले न दिसणारे अतिनील (यूव्ही) किरण ढगांतूनही उतरतात. शिवाय नुसते वरून येत नाहीत. कोरडी वाळू साधारण १५ टक्के अतिनील किरण परत फेकते, लाटेचा फेस २५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे टोपी घालून मान खाली घातली तरी ते खालून येतातच.

मग कोल्हापूरला गेलो. मेव्हण्याच्या लग्नाची खरेदी होती. तुझी वहिनी साड्या बघत होती, मी समोरच्या चष्म्याच्या दुकानात शिरलो. दुकानदाराने काचेच्या कपाटातून एक गॉगल काढला, सव्वीस हजारांचा. तुला खरं सांगतो, मला तो फार आवडला. कासवाच्या पाठीसारखी तपकिरी-पिवळी नक्षी, जाड आणि गुळगुळीत ॲसिटेट प्लास्टिकची फ्रेम, काडी मिटताना बिजागरी मऊ टक् असा आवाज करायची. आरशात बघितलं तर मी वेगळाच माणूस दिसत होतो. दहा मिनिटं तो डोळ्यांवरून उतरवावासा वाटला नाही. त्यामुळे "नुसतं नाव विकतात, माल काही नसतो" असं जे लोक म्हणतात ते मी म्हणणार नाही. माल असतो. फ्रेम उत्तम असते.

पण त्या दुकानदाराला मी माझा डोळा दाखवला आणि म्हटलं, मला हा वाचवायचाय. तो भला माणूस निघाला. त्याने गल्ल्यातून नोटा तपासायचा छोटा जांभळा टॉर्च काढला आणि शंभराच्या नोटेवर मारला. नंबर चमकायला लागले, कागदातले बारीक धागे चमकायला लागले. मग त्याने सव्वीस हजारांची काच टॉर्च आणि नोटेच्या मध्ये धरली. चमक गेली. मग अठराशेच्या गॉगलची काच धरली. चमक गेली, तशीच. माझ्या खिशात जेटीवरून घेतलेला दीडशेचा गॉगल होता, तो धरला. नोट चमकत राहिली.

ते बघून माझ्या अंगावर काटा आला, कारण तो दीडशेचा गॉगल सगळ्यांत काळा होता आणि म्हणूनच मी तो घेतला होता. काच काळी असली की डोळ्याला अंधार वाटतो, बाहुली मोठी होते, आणि काच अतिनील किरण अडवत नसेल तर ते त्या मोठ्या झालेल्या बाहुलीतून जास्तच आत जातात. म्हणजे तीन वर्षं मी पैसे देऊन डोळ्याला अपाय करत होतो. त्याच्याकडच्या आणखी दोन स्वस्त गॉगलांनी चमक अडवलीही. तेव्हा स्वस्त म्हणजे वाईटच असंही नाही. वरून बघून कळत नाही, एवढंच. काचेवर यूव्ही ४०० लिहिलेलं असावं, म्हणजे ४०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचे किरण अडतात, आणि ते लिहिलेलं खरं आहे का हे दुकानात यंत्रावर तपासून मागावं. एका मिनिटाचं काम आहे.

मग तुझ्या चोवीस हजारांतले वीस-बावीस जातात कुठे? हे मी नंतर वाचलं आणि वाचून जरा थक्क झालो. लिओनार्दो देल वेक्किओ नावाच्या माणसाने १९६१ साली इटलीत आगोर्दो या डोंगरातल्या गावी लक्सोटिका कंपनी काढली. अनाथाश्रमात वाढलेला माणूस. चष्म्याचे सुटे भाग करण्यापासून सुरुवात केली. पुढे त्याच्या कंपनीने गॉगलची नावं विकत घेतली: पर्सोल घेतली, १९९९ मध्ये बॉश अँड लॉम्बकडून रे-बॅन घेतली, २००७ मध्ये ओकली. २०१८ मध्ये ती आणि काचा करणारी फ्रेंच कंपनी एसिलोर एक झाल्या. आणि प्राडा, शनेल, व्हर्साची ही जी कपड्यांची नावं, त्यांचे गॉगलही हीच कंपनी परवान्यावर बनवते. म्हणजे कपाटात वेगवेगळ्या नावांच्या रांगा दिसतात, त्यांतल्या कितीतरी एकाच घरच्या. त्या माणसाच्या कर्तबगारीबद्दल मला आदर वाटतो. पण काडीवरच्या नावाने काच बदलत नाही, आणि डोळ्याला काम पडतं ते काचेशी.

जास्त पैसे घालावेत असं एकच आहे, पोलराइज्ड काच. ही मला आधी माहीत असती तर किती बरं झालं असतं! पाण्यावर, ओल्या डांबरावर, गाडीच्या बॉनेटवर आपटून येणारा उजेड बराचसा आडवा कंप पावत येतो. या काचेत एक पातळ फिल्म असते, ती आडवा उजेड अडवते आणि उभा आत सोडते. एडविन लँड या अमेरिकन माणसाने १९२९ मध्ये त्या फिल्मच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याचीच पुढे पोलरॉइड कंपनी झाली. ही माहिती झाली. अनुभव सांगतो. जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे माणसं नेताना मधली खडपं, पाण्यातले खडक, तुला माहीत आहेत. सकाळी अकराला त्या वाटेवर पाणी नुसतं पत्र्यासारखं तापून चकाकत असतं, मी निम्मं अंदाजाने सुकाणू धरायचो. पहिल्या दिवशी पोलराइज्ड गॉगल घातला आणि पत्रा कोणी उचलून नेल्यासारखं झालं. खाली हिरवं पाणी, त्याखाली खडपाची काळी पाठ, तिच्यावर हलणारं शेवाळ, एक पालू माशांचा थवा वळसा घालून गेलेला. बावीस वर्षं ज्या वाटेने रोज जातो तिचा तळ मी त्या दिवशी पहिल्यांदा धड बघितला. मी इंजीन हळू केलं, तर माणसं विचारायला लागली काय झालं म्हणून.

एक अडचण आहे तीही सांगतो. मोबाइलचा किंवा जीपीएसचा पडदा त्या काचेतून काही कोनांत काळा पडतो. मान जरा तिरकी करावी लागते. तू गाडी चालवताना नकाशा बघतोस, तेव्हा दुकानात स्वतःचा फोन धरून बघ. काच गडदपणाच्या क्रमांक ३ ची घे, ती साधारण ८ ते १८ टक्के उजेड आत सोडते. क्रमांक ४ फार गडद, ती घालून गाडी चालवायची नसते. रंग राखाडी किंवा तपकिरी.

आता जे तू आणि सई दोघंही विसरलात ते. तुला नंबर आहे, दिन्या! नववीपासून आहे, आणि आता जवळचाही असणार. फोटोतला तो गॉगल साध्या काचेचा आहे. तो घालून तुला समोरच्या बसची पाटी वाचता येणार नाही. मग तू नेहमीचा चष्मा घालशील आणि गॉगल डबीत जाईल, माझ्या आईच्या लुगड्यासारखा. सईचे पैसे काचेवर जाऊ देत. तुझ्या नंबरची पोलराइज्ड काच करून मिळते. फ्रेम दोन-अडीच हजारांची, हलकी, चेहऱ्याला लागून बसणारी, बाजूने आणि वरून उजेड न येऊ देणारी घे. सगळं मिळून किती होईल ते तुझ्या नंबरवर ठरेल, पण तेवढे पैसे गेले तर मला जराही वाईट वाटणार नाही.

महागडी वस्तू माणसाला बांधून घालते, हेही मी होडीवर बघितलंय. गेल्या डिसेंबरात देवबागच्या संगमावर एक ताई होडीतून वाकून फोटो काढत होत्या आणि कपाळावरचा गॉगल पाण्यात गेला. नवऱ्याने वाढदिवसाला दिलेला, तीस हजारांचा. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली होती, कर्ली नदीचं पाणी जोरात समुद्राकडे ओढत होतं. मी दोनदा बुडी मारली, माझ्या खलाशाने तीनदा. तळाला नुसती धावती वाळू, हाताला काही लागेना. त्या परत येईपर्यंत रडत होत्या, मुलं गप्प, नवरा "जाऊ दे गं" म्हणत होता. डॉल्फिन दिसले तेव्हाही कोणी उठलं नाही. मला आजही वाटतं, आणखी एक बुडी मारायला हवी होती.

माझा गॉगल अडतीसशेचा आहे, पोलराइज्ड, मागे दोरी. याआधीचा एक खाऱ्या वाऱ्याने गेला, बिजागरीचा स्क्रू गंजून काडी हातात आली. म्हणून आता नायलॉनची फ्रेम घेतलीय. संध्याकाळी आधी गोड्या पाण्याखाली धरतो, मगच पुसतो. मीठ सुकलेलं असताना फडक्याने पुसलं की काचेवर ओरखडे उठतात, महाग काच असो की स्वस्त. डोळ्यातलं मांस दोन वर्षांत पुढे सरकलेलं नाही. सहा महिन्यांनी दाखवून येतो.

आबांनाही एक आणला. आधी म्हणाले, "आता ह्या वयात माका गॉगल कित्याक? लोक हसतले." चार दिवस खुंटीला होता. पाचव्या दिवशी सकाळी बघतो तर आबा गॉगल लावून पुळणीवर बसलेले, रापण लागत होती ती बघत. मला म्हणाले, "जाळ्यात मासळी हा ती दिसता रे." तेवढंच. आता रोज घेऊन जातात.

तू असं कर. डोळे तपासून नंबरचा कागद सईच्या हातात दे, तिलाच दुकानात घेऊन जा, तिच्या आवडीची फ्रेम तिला निवडू दे. टॉर्चखाली काच तपासायला विसरू नका. आणि पावसाआधी, मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, सगळे इकडे या. आपल्या झाडाचा आंबा तोपर्यंत उतरलेला असेल. सकाळी अकराच्या फेरीला तुला पुढे बसवतो, गॉगल घालून खाली बघ, खडपं मी दाखवतो.

वहिनींना नमस्कार, सईला आशीर्वाद. आबा तुझी आठवण काढतात.

तुझा,
विलास