‘हमखास डॉल्फिन दर्शन’ छापणे थांबवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्या की नाशिकहून हर्णै, गुहागर, तारकर्लीच्या सहली निघतात आणि पत्रकावर ‘हमखास डॉल्फिन दर्शन’ झळकते. सगळी गडबड त्या ‘हमखास’मध्ये आहे. डॉल्फिन जवळून दिसला नाही की गिऱ्हाईक कुरकुरते, मग होडीवाला कळपामागे होडी दामटतो. एक धावली की बाकीच्या चार तिकडेच वळतात.

कोकण किनाऱ्यालगत मुख्यतः दिसतो तो हम्पबॅक डॉल्फिन. मच्छीमार त्याला गादा म्हणतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याला संरक्षण आहे. तो उथळ पाण्यात, बहुधा खाडीच्या तोंडाशी वावरतो. होड्यांची गर्दी आणि जाळीही नेमकी तिथेच. मादीला एका वेळी एकच पिल्लू होते आणि पुढचे व्हायला काही वर्षे जातात, त्यामुळे एक पिल्लू दगावले तरी नुकसान लवकर भरून येत नाही. शिवाय हा प्राणी आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून मासे हुडकतो. चार इंजिनांच्या घरघरीत ते कसे जमावे?

होडीवाल्याशी बोलायचे ते किनाऱ्यावरच, भाडे ठरवताना. अंतर किमान ५० मीटर, म्हणजे क्रिकेटच्या अडीच खेळपट्ट्या. होडी कळपाच्या बाजूने, समांतर आणि संथ चालवावी. मागून रेटली किंवा समोरून आडवी घातली तर कळप फुटतो, पिल्लू आईपासून तुटते. एका कळपाजवळ दोन होड्या पुरेत, तिसरीने लांब थांबावे. १५ मिनिटांत निघावे. डॉल्फिन आपणहून जवळ आले तर इंजिन न्यूट्रलवर ठेवावे आणि ते दूर गेल्याशिवाय गिअर टाकू नये, पंख्याने जखमा होतात. वेफर्स फेकणे, टाळ्या, शिट्ट्या हे तर नकोच.

डॉल्फिन वाळूत अडकलेला दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. शेपटीने ओढू नये. पोटावर ठेवून सावली करावी, अंगावर ओले फडके टाकावे. डोक्यावरचे श्वासछिद्र मात्र उघडे हवे आणि त्यात पाणी जाता कामा नये. घाईने समुद्रात ढकलणेही चूक, कारण असा प्राणी बरेचदा आजारी असतो आणि पुन्हा किनाऱ्याला लागतो.

मच्छीमारांना दोष देणे सोपे आहे. पण संरक्षित जीव सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्यांना राज्यात २०१८ पासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाईची सोय आहे, आणि अनेकांनी जाळी कापलीही आहेत. सहल कंपन्यांना तर जाळेही कापायचे नाही. नाताळच्या नोंदणीपूर्वी पत्रकातला तो एक शब्द काढावा आणि त्या जागी ५० मीटरचा नियम छापावा, एवढीच विनंती.

– सागरी जीवांचे अभ्यासक,
गंगापूर रोड, नाशिक